कूत पडण्याआधीचे 113 तास

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड मेसोपोटेमियाच्या रणांगणावरून पत्नीला पत्रे लिहीत. जून 1915 मध्ये अमारा शहर घेतल्यावर त्यांनी ॲलिसला कळवले, मला एक संधी तेवढी हवी होती. बोटीवर उभा होतो तेव्हा गोरे आणि हिंदी शिपाई माझा जयजयकार करत होते. त्यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्यांतले कोकणी मराठे रत्नागिरी, कुलाब्याकडचे. त्यांनी घरी काय कळवले, ते कुणी फारसे जपून ठेवले नाही. म्हणून हा घटनाक्रम त्यांच्या बाजूने मांडतो आहे.

7 डिसेंबर 1915 पासून ही डिव्हिजन टायग्रिसच्या वळणावर, कूत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात होती.

24 एप्रिल 1916, रात्री 8. उरले 113 तास.
‘जुलनार’ ही आगबोट 270 टन रसद घेऊन फलाहियाहून कूतकडे निघाली. कूतमध्ये शिधा माणशी चार औंस पिठावर आला होता, म्हणजे जेमतेम एक भाकरी. घोड्याचे मांस होते, पण हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते तोंडात घातले नाही. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी यंत्रावरून मागवली, तरी धास्ती होतीच: गावी परतल्यावर आपल्याला पंक्तीला घेतील का? उपासमार आणि स्कर्व्ही सोसत असतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे गावच होता.

मध्यरात्र. उरले 109 तास.
नदीकाठच्या मगासीसकडून जोरदार गोळीबार ऐकू आला आणि एकाएकी थांबला.

25 एप्रिल, रात्री 1. उरले 108 तास.
जुलनार पोचली नाही, असे टाउनशेंडनी कळवले. ती तुर्कांच्या हाती पडली होती. तिचा कप्तान फर्मन ठार झाला होता. सोबतचा काउली पकडला गेला आणि पुढे मारला गेला.

इथे जानेवारीकडे वळायला हवे, कारण खरा घात तेव्हा झाला. टाउनशेंडनी धान्याचा साठा आधी फारच थोडा सांगितला. वेढा फोडायला कुमक घाईघाईने धावली. 21 जानेवारीला हन्नाच्या चिखलात ती कापली गेली. त्यानंतर कूतमध्ये शोध घेतला, तर आणखी 84 दिवस पुरेल एवढे अन्न निघाले! ही मोजणी आधी झाली असती तर? हा प्रश्न मला सोडत नाही. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे 23 हजार माणसे जायबंदी झाली किंवा मेली.

27 एप्रिल, सकाळ. उरले सुमारे 50 तास.
टाउनशेंड नदीवर तुर्की सेनापती खलील पाशांना भेटले. सुटकेच्या मोबदल्यात आधी दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊ केले गेले. तुर्कांचे युद्धमंत्री एन्व्हर पाशांनी ते नाकारले.

वेढ्यात असताना टाउनशेंडनी बिनतारी यंत्रावरून इंग्लंडातल्या स्नेह्यांना खासगी निरोपही पाठवले. ॲलिस पॅरिसच्या धनाढ्य घराण्यातली. लहानपणी चित्रकार रेन्वारने तिचे चित्र काढले होते. पण रत्नागिरीत पत्र मास्तरांकडून वाचून घेणाऱ्या बायकोला निरोप कोण देणार? ते यंत्र शिपायासाठी नव्हते.

29 एप्रिल, सकाळ. उरले थोडे तास.
तोफा स्वतःच फोडायचा हुकूम सुटला. एकामागून एक धडाके झाले. बंदुका मोडल्या, दारूगोळा नदीत गेला, शेवटी बिनतारी यंत्रही तोडले.

दुपारी 1 च्या सुमारास.
तुर्की शिपाई गावात शिरले. सुमारे 13 हजार माणसे कैद झाली. खलील पाशांनी टाउनशेंडची तलवार परत केली. रत्नागिरीत तेव्हा ऊन कलायला लागले होते, कारण तिथला सूर्य कूतच्या जवळजवळ दोन तास पुढे असतो. चैत्राचा वद्य पक्ष होता, हापूसचे दिवस.

शिपायांना शुमरानच्या छावणीत नेले. मिळालेली कडक बिस्किटे भुकेल्या पोटांना सोसली नाहीत. कित्येक जण तिथेच गेले. 6 मे रोजी उरलेल्यांची पायपीट सुरू झाली: बगदाद, मग वाळवंट. मागून येणाऱ्या, कैद झालेल्या जनरल मेलिसना वाटेत टाकून दिलेले मरणासन्न शिपाई दिसले. त्यांनी जमतील तेवढे उचलून नेले. टाउनशेंड लाँचने नदीतून वर गेले आणि इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले.

पावसाळ्याने बोटी बंद होण्याआधी रत्नागिरीच्या भगवती बंदराबाहेर आणखी काही बोटी लागल्या असतील. पडाव किनाऱ्याला आले की बायका उतरणाऱ्यांचे चेहरे बघत असतील.