बिंदुलेखन : चित्र की लिपी?

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती इलेक्ट्रॉनांचे बिंदू मांडून रेणूची रचना दाखविण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. पाण्याच्या रेणूसाठी विद्यार्थी ऑक्सिजनचे सहा आणि दोन हायड्रोजनांचे दोन असे एकूण आठ इलेक्ट्रॉन मोजतो. त्यांच्या चार जोड्या पाडतो. दोन जोड्या अणूंच्या मध्ये व दोन ऑक्सिजनच्या अंगास ठेवतो, आणि रेणूचे चित्र काढल्याचे समाधान मानतो. परंतु या आकृतीस चित्र म्हणावे काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर तिच्या इतिहासात मिळते.

रसायनलेखनात बिंदूचा वापर विसाव्या शतकापूर्वीच झालेला होता. मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांची आद्याक्षरे चिन्हे म्हणून रूढ करणारे स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस हे संक्षेपासाठी अक्षराच्या माथ्यावर बिंदू देऊन ऑक्सिजनचा अणू दर्शवीत असत. तेथे एका बिंदूचा अर्थ एक सबंध अणू असा होता. पुढे कोणता अणू कोणास जोडलेला आहे हे दाखविण्याची गरज भासू लागली. कूपर यांनी १८५८ मध्ये चिन्हांमध्ये रेषा योजल्या; क्रम ब्राउन यांनी १८६४ मध्ये वर्तुळांतील चिन्हे रेषांनी जोडली; आणि फ्रँकलंड यांनी १८६६ च्या आपल्या पाठ्यग्रंथात ती पद्धत स्वीकारून तिचा प्रसार केला. ही रेषा कशाची बनलेली आहे, हे मात्र कोणासही सांगता येत नव्हते. 'येथे जोड आहे' एवढेच ती सांगत असे.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध जाहीर केला आणि या प्रश्नास नवी दिशा मिळाली. गिल्बर्ट न्यूटन लुईस हे १९०२ मध्ये हार्वर्ड येथे प्रारंभिक वर्गास आवर्त नियम समजावून देत होते. त्या ओघात, अणू हा घनाकृती असून त्याच्या आठ कोपऱ्यांवर बाह्य इलेक्ट्रॉन बसलेले असावेत, अशी कल्पना त्यांना सुचली. २८ मार्च १९०२ ही तारीख असलेले त्यांचे टिपण त्यांनी स्वतःच १९२३ च्या आपल्या संयुजाविषयक ग्रंथात छापले आहे. अर्थात या विचाराचा उगम प्रयोगशाळेत नसून अध्यापनात आहे.

१९१६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लुईस यांचा प्रसिद्ध निबंध आला. त्यात घनाकृती अणू होताच. परंतु त्याजबरोबर एक साधी लेखनपद्धतीही सुचविलेली होती. दोन अणूंस जोडणारे दोन इलेक्ट्रॉन त्यांच्या चिन्हांमध्ये अपूर्णविराम घालून दाखवावेत, ही ती पद्धत. ज्या अणूकडे ऋण विद्युत्भार अधिक, त्याच्याकडे हा अपूर्णविराम किंचित सरकवावा, अशीही सूचना त्यांनी केली. जुळाऱ्याच्या केसमध्ये आधीपासूनच असलेल्या एका विरामचिन्हास अशा रीतीने नवा अर्थ प्राप्त झाला.

याच निबंधात कल्पना आणि लेखन यांची फारकतही दिसून येते. दोन घनांची एक कड सामाईक मानली की एकेरी बंध होतो. एक पृष्ठ सामाईक मानले की दुहेरी. ॲसिटिलीनमधील तिहेरी बंधास मात्र घनांच्या मांडणीत स्थानच उरत नाही. लुईस यांना इलेक्ट्रॉनांच्या जोड्या चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे न्याव्या लागल्या. बिंदुलेखनास ही अडचण आली नाही. दोन कार्बनांमध्ये तीन जोड्या लिहिल्या की काम भागले. १९१९ मध्ये लँगम्यूर यांनी या विचाराचा विस्तार केला व सहसंयुज बंधाची संज्ञा रूढ केली. १९२७ मध्ये हाइटलर व लंडन यांनी हायड्रोजनच्या बंधाचे पुंजयांत्रिकीय विवेचन केले आणि ठरावीक जागी स्थिर बसलेल्या इलेक्ट्रॉनाची कल्पना मागे पडली. घन गेला, बिंदू राहिले.

ते का राहिले, हे समजण्यास देवनागरीतील अनुस्वाराचा दाखला उपयोगी पडेल. 'अंक', 'पंच', 'दंड', 'संत' आणि 'खांब' या शब्दांत बिंदू एकच आहे. उच्चार मात्र अनुक्रमे ङ्, ञ्, ण्, न् आणि म् असा होतो. तो पुढील अक्षरावरून ठरतो. अनुस्वार हे नासिक्य ध्वनीचे चित्र नव्हे, ती खूण आहे. बिंदुलेखनातील जोडीचेही तसेच आहे. दोन चिन्हांमध्ये आली तर ती बंध होते, एका चिन्हालगत राहिली तर अबंधित जोडी. ही पद्धत संख्या आणि वाटणी सांगते. स्थान, अंतर वा आकार सांगत नाही.

म्हणूनच तिच्या मर्यादा वाचकाने ओळखल्या पाहिजेत. पाण्यातील सुमारे १०४.५ अंशांचा कोन बिंदूंवरून आपोआप दिसत नाही. त्यासाठी, जोड्या परस्परांस दूर लोटतात, हा गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये विशद केलेला वाचननियम जोडावा लागतो. ऑक्सिजनच्या रेणूत तर नियमाप्रमाणे बारा इलेक्ट्रॉनांच्या सहा जोड्या बिनचूक जुळतात. परंतु द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, कारण प्रत्यक्षात त्यातील दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. येथे शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि तरीही विधान अपुरे आहे.

बिंदुलेखन चुकीचे ठरत नाही, तसे ते रेणूचे प्रतिबिंबही ठरत नाही. ती एक अल्पाक्षरी लिपी आहे. ती चित्र म्हणून शिकविली, तर विद्यार्थ्याच्या मनात १९०२ मधील घनच पुन्हा उभा राहतो. लिपी म्हणून शिकविली, तर तिने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे दोन्ही त्यास वाचता येते.