लोखंडाचे रक्षण करणाऱ्या रेणूंचा संगणकावर शोध

पाणी व हवेतील प्राणवायू यांच्या संपर्कात आलेले लोखंड गंजू लागते. पूल, जहाजे, बाष्पके व तेलवाहिन्या यांचे आयुष्य त्यामुळे घटते. ‘नेस इंटरनॅशनल’ या संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात धातूंच्या क्षरणाचा जगाला बसणारा वार्षिक भुर्दंड अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे २०१३ च्या जागतिक सकल उत्पादनाच्या ३.४ टक्के इतका असल्याचे नमूद केले आहे.

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पृष्ठभागाच्या एका भागात लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात, तर दुसऱ्या भागात प्राणवायू अथवा आम्लातील हायड्रोजन आयन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. यांपैकी एक क्रिया रोखली तरी क्षरण मंदावते. गंजरोधक रसायने नेमके हेच करतात. त्यांचे रेणू धातूला चिकटून अत्यंत पातळ थर निर्माण करतात.

असा संरक्षक थर लोखंडावर आपोआपही तयार होऊ शकतो. दिल्लीतील सुमारे १,६०० वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे त्यावर फॉस्फेटयुक्त संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

उद्योगांत दीर्घकाळ वापरली गेलेली क्रोमेट रसायने प्रभावी असली, तरी कर्करोगास कारणीभूत ठरतात. युरोपीय संघात २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरासाठी विशेष परवानगी अनिवार्य झाली. त्यामुळे निर्धोक पर्यायांच्या शोधाला वेग आला. मात्र संभाव्य सेंद्रिय रेणूंची संख्या अफाट असून प्रत्येक रेणू तयार करून तपासणे अशक्य आहे. येथे संगणकीय रसायनशास्त्र उपयोगी पडते.

रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी गणिताने काढण्याची ‘डेन्सिटी फंक्शनल थिअरी’ ही पद्धत १९६४-६५ मध्ये मांडली गेली. तिच्या विकासाबद्दल वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणू कोणत्या अणूद्वारे लोखंडाला इलेक्ट्रॉन देईल, तो पृष्ठभागावर आडवा पडेल की उभा राहील आणि किती घट्ट चिकटेल, याचा अंदाज या पद्धतीने बांधता येतो. नायट्रोजन, गंधक व प्राणवायूचे अणू अशा बंधांसाठी अनुकूल असतात.

तेलवाहिन्यांत वापरली जाणारी इमिडाझोलिन वर्गातील संयुगे या रचनेचा चांगला नमुना आहेत. त्यांचे नायट्रोजनयुक्त डोके धातूला धरते, तर कार्बनची लांब शेपटी पाण्याला दूर ठेवते. शेपटी वाढवल्यास संरक्षण सुधारू शकते. परंतु फार लांब शेपटीचा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही व धातूपर्यंत पोहोचणे कठीण होते. रचनाकाराला हा समतोल साधावा लागतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. अनेक अभ्यासांत निर्वात जागेतील एकट्या रेणूची गणना करून निष्कर्ष काढले जातात. प्रत्यक्षात लोखंडावर ऑक्साइडचा थर असतो, पाण्याचे रेणू आधीच चिकटलेले असतात आणि क्लोराइड आयनही जागेसाठी स्पर्धा करतात. स्लोव्हेनियातील संशोधक आंतोन कोकाल्य यांनी २०१० मध्ये तांब्यावरील गंजरोधकांच्या अभ्यासातून, केवळ रेणूच्या इलेक्ट्रॉन-रचनेवरून त्याची परिणामकारकता सांगता येत नाही, असे दाखवून दिले. मोजक्या, परस्परसदृश रेणूंवर जुळलेले गणित नव्या रेणूला लागू पडेलच, असे नाही.

त्यामुळे नवे अभ्यास पाणी, आयन व ऑक्साइड यांसह संपूर्ण पृष्ठभागाचे प्रारूप तयार करण्यावर भर देतात. संगणक असंख्य रेणूंतून निवडक रेणू पुढे आणतो. त्यानंतर लोखंडी पट्टी द्रावणात ठेवून तिच्या वजनातील घट मोजावी लागते, विद्युत-रासायनिक चाचण्या घ्याव्या लागतात आणि रसायनाची विषारकताही तपासावी लागते. या कसोट्यांना उतरलेला रेणूच उद्योगात वापरण्यायोग्य ठरतो.