मेळघाटची वाट, डांस व हिवताप

वऱ्हाडच्या इतिहासांत लढाया, तह व सनदा यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. वाटसरूंना छळणाऱ्या डांसाचा क्वचितच. अकोल्याच्या जठारपेठेंतून निघून अकोट, शहानूर व नरनाळा या बाजूनें सातपुड्यांत शिरणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीनें तो विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

दसऱ्याचें सीमोल्लंघन हा प्रवासाचा व स्वाऱ्यांचा मुहूर्त. पर्जन्यकाळीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातींत गाडे रुतत, नद्या वाट अडवीत. म्हणून लांबचे व्यवहार आश्विनानंतर सुरू होत. इंग्रज व नागपूरकर भोसले यांची अडगांवची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं झाली व गाविलगड १५ डिसेंबर रोजीं पडला, तो ह्याच मोसमांत. आतां, डोंगरांतील ओढ्यांचा लोंढा ओसरून खडकांच्या खळग्यांत स्वच्छ, संथ पाणी राहतें तेंही याच वेळीं. आणि हिवतापाचे वाहक असे ॲनॉफिलीस जातीचे कित्येक डांस अशाच पाण्यांत वाढतात. म्हणजे वाट मोकळी होणें व तापाचा काळ येणें हीं एकदमच घडत. हा योग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. डोंगराळ मुलखांतील स्वारीचा कागद वाचतांना संशोधकानें तिथीबरोबर जवळचा ओढाही पाहावा.

प्रवासी दोष देत तो पाण्याला. अमक्या ठिकाणचें पाणी लागतें, हें आपल्याकडील नेहमींचें बोलणें. पाण्याचा संबंध लोकांनीं बरोबर हेरला, तो संबंध कोणता एवढें मात्र चुकलें. पाणी उकळून प्यालेला मनुष्य ओढ्याकांठींच निजला, तर हिवतापापुरता त्या उकळण्याचा उपयोग शून्य. युरोपीयांची समजूतही फार निराळी नव्हती; मलेरिया या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच दूषित हवा असा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या जठरांत या रोगाचे जंतु दिसले, तेव्हां हवा व पाणी दोन्ही दोषमुक्त झालीं. (जठारपेठकरांनीं यावर कोटी करूं नये.)

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मशकांचे पांच प्रकार सांगितले असून त्यांपैकीं पार्वतीय मशकाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा मानिला आहे. यावरून सुश्रुतास मलेरियाचें कारण ठाऊक होतें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तसें ओढूनताणून सिद्ध करण्याची हौस सोडलेली बरी. परंतु डोंगरचा डांस निराळा, हें निरीक्षण मोलाचें खरें. उपायही जुनेच आहेत. बौद्ध विनयपिटकांत भिक्षूंस मशककुटी वापरण्याची अनुज्ञा आहे, आणि मसहरी हा शब्द संस्कृत मशकहरीपासून आला. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर सर्वांस परिचित आहे. पण धूर विरतांच डांस परततो. मसहरीच्या कडा अंथरुणाखालीं नीट खोंवल्या तर ती रात्रभर राखते. तथापि खांद्यावर पथारी टाकून चालणाऱ्या गरीब वाटसरूजवळ मसहरी कोठून असणार? घोंगडी डोक्यावरून ओढून घामाघूम निजणें एवढेंच त्याच्या हातीं होतें.

डोंगरांतल्या माणसास डोंगर बाधत नाहीं, असा मैदानच्या लोकांचा समज असतो. मेळघाटांतील कोरकूंविषयीं असें बोलतांना एक गोष्ट विसरली जाते. वारंवार ताप सोसून जीं शरीरें वांचतात त्यांत कांहीं प्रतिकारशक्ति येते; न वांचलेलीं लहान मुलें हिशेबांत धरलीं जात नाहींत.

१९५३ सालीं राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण योजना सुरू होऊन घरोघर डीडीटीची फवारणी झाली व देशांतील हिवताप बराच हटला, समूळ गेला नाहीं. शहरांतला प्रश्न वेगळा आहे. साठविलेल्या पाण्यांत वाढणारा एडिस डांस डेंग्यू पसरवितो व तो मुख्यतः दिवसा चावतो. रात्रीची मसहरी तेथें अपुरी पडते. जठारपेठेंतून मेळघाटास निघणाऱ्यानें मसहरी बांधून घ्यावीच, पण घरचा रांजणही रिकामा करून पालथा घालून निघावें.