नावेचे भाडे

शाळेत असताना आमच्या गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती. हिटलरच्या सैन्याने डेन्मार्क व्यापले, ज्यूंनी अंगावर पिवळी चांदणी लावावी असा हुकूम सुटला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथला राजा स्वतः चांदणी लावून घोड्यावरून रपेटीस निघाला! मोठेपणी वाचनात आले, की हे सारे कल्पित. डेन्मार्कमध्ये तसा हुकूम कधी निघालाच नव्हता.

खरी हकीकत निराळी आहे. तिथला जर्मन प्रमुख वेर्नर बेस्ट याने ८ सप्टेंबर १९४३ रोजी बर्लिनला तार करून ज्यूंच्या धरपकडीचा आग्रह धरला. आणि तीनच दिवसांनी तो बेत आपणच डुकविट्झ या अधिकाऱ्याच्या कानांवर घातला. त्याच्या मनात दया होती, की डेन्मार्कमधून जर्मनीला जाणारे लोणी-मांस बंद पडेल ही काळजी, की युद्ध उलटल्यास आपली मान वाचावी हा हिशेब? तिन्ही कारणे सांगितली जातात. डुकविट्झही १९३२ पासून नाझी पक्षाचा सभासद. पण २८ तारखेला त्याने जिवावर उदार होऊन डॅनिश पुढाऱ्यांना सावध केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मगुरू मार्कुस मेल्किओर यांनी कोपनहेगनच्या प्रार्थनामंदिरात जमलेल्यांना सांगितले : घरे सोडा, लपा, इतरांना कळवा. त्याच संध्याकाळी ज्यूंचे नववर्ष सुरू व्हायचे होते. ऐन सणाचे दिवस! १ ऑक्टोबरच्या रात्री जर्मन पोलिसांनी दारे ठोठावली, तो बहुतेक घरे रिकामी.

पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू आणि त्यांचे सातशेच्या आसपास ज्यूेतर आप्त मासेमारीच्या नावांतून स्वीडनला पोहोचले. भाडे? सरासरी माणशी हजार क्रोनर! त्या काळी तिथला सरासरी मासिक पगार पाचशेंच्याही आत होता.

हा आकडा वाचून मी खट्टू झालो, हे कबूल केले पाहिजे. मरणाच्या दारातल्या माणसाकडून भाडे घ्यायचे! पण मग वाटले, नाव म्हणजे कोळ्याचे घर, शेत, सारे काही. ती जप्त झाली, आपण तुरुंगात गेलो, तर मुलाबाळांनी खायचे काय? काहींनी भीतीपोटी मागितले, काहींनी निव्वळ लोभापोटी. काहींनी ऐपत असलेल्यांकडूनच घेतले. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांच्यासाठी इतरांनी वर्गण्या जमवल्या. आणि नुसत्या सद्‌भावनेनेही भागत नव्हते : गिलेलाये गावच्या चर्चच्या माळ्यावर लोकांनी मायेने लपवलेले सुमारे ऐंशी जण शेवटी पकडले गेलेच.

यंदा दिवाळीत नातवंडांनी गोष्ट मागितली, तर मी राजाची सांगणार नाही; कोळ्याची सांगेन. धाकटा विचारीलच, “मग आजोबा, तो चांगला की वाईट?” मी म्हणेन, “बाळा, त्याने पैसे मोजून घेतले. आणि अंधारात नाव पलीकडे नेली.”