दुसरे मत कोणाचे?

निवडणूक जवळ आली की लहान पक्षाच्या मतदाराला दोन बाजूंनी दटावणी सुरू होते. एक म्हणतो, "तुमचा माणूस काही निवडून येत नाही, मत कशाला फुकट घालवता?" दुसरा म्हणतो, "तुम्ही मते फोडता, म्हणून आम्ही पडतो." या दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, हे मत मूळचे मोठ्या पक्षाचेच होते आणि ते वाट चुकून दुसरीकडे गेले. हे गृहीत कितपत खरे आहे, ते आपल्या प्रांताच्या आणि विशेषतः आपल्या नगर जिल्ह्याच्या इतिहासावरून तपासून पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

आरंभ १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून करू. त्या वेळी काही मतदारसंघ दुहेरी होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला मते दोन, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. उत्तर मुंबईच्या अशा मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तर सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. दोघेही पडले. काँग्रेसचे काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. दुसरे मत मुद्दाम वाया घालविण्याला लोक 'मत कुजविणे' म्हणत, आणि त्या निवडणुकीत अशी मते कुजविली गेल्याची मोठी तक्रार झाली.

पुढे १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा उभी राहिली. या वेळी अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले. आपल्या माणसांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, अशी सूचना काही कार्यकर्त्यांनी केली होती, पण बाबासाहेबांनी ती मानली नाही, असे चळवळीतले लोक सांगत आले आहेत. राज्यघटना घडविणाऱ्या माणसाने मत कुजवायला सांगावे, हे त्यांना पटणारे नव्हते. निकालाचा अर्थ मात्र उघड होता. एका वस्तीतले दुसरे मत मित्रपक्षाला गेले; उलट दिशेने ते तितक्या प्रमाणात आले नाही. वर पुढाऱ्यांनी हातात हात दिला म्हणजे खाली गावात मते आपोआप मिळतात, असे नाही. मध्ये जात उभी असते, गावकीचा धाक उभा असतो आणि जुनी सवयही उभी असते.

आता अवघ्या तीन वर्षांनंतरचा नगर जिल्हा पाहा. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन हे एकमेकांशी भांडणारे पक्ष एका मांडवाखाली आले. १९५७ च्या निवडणुकीत आपल्या जिल्ह्याने लोकसभेवर दोन माणसे पाठविली. नगरमधून रघुनाथ केशव खाडिलकर गेले, आणि कोपरगावातून फेडरेशनचे बापूसाहेब कांबळे. कोपरगावची जागा राखीव नव्हती. मराठा, माळी, धनगर, वंजारी शेतकऱ्यांची मते पडल्यावाचून कांबळे तेथून दिल्लीला जाणे शक्यच नव्हते. भंडाऱ्यात जे आले नाही, ते दुसऱ्याचे मत कोपरगावात आले.

हे कशाने घडले? माणसांची मने तीन वर्षांत बदलली, असे मी म्हणणार नाही. बदलली ती मागणी. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही मागणी एक होती, स्पष्ट होती आणि ती सर्वांची होती. तिच्यासाठी गोळ्या झेललेली माणसे लोकांना ठाऊक होती. मत देताना कांबळ्यांची जात पाहण्यापेक्षा मुंबईकडे पाहणे मतदाराला अधिक निकडीचे वाटले.

पुढे काय झाले, तेही तितकेच शिकविणारे आहे. १ मे १९६० ला राज्य आले. मागणी पुरी झाली आणि समितीचा गाडा मोडला. १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. तिला मते मात्र निम्म्याहून किंचितच अधिक होती. म्हणजे राहिलेल्या जवळजवळ निम्म्या मतदारांच्या वाट्याला ४९ जागा आल्या. खाडिलकर त्याच वर्षी काँग्रेसच्या तिकिटावर खेडमधून लोकसभेत गेले आणि पुढे केंद्रात मजूरमंत्री झाले. कोपरगावातून काँग्रेसचे अण्णासाहेब शिंदे निवडून आले. तेही तरुणपणी कम्युनिस्ट चळवळीतलेच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' अशा गटांत दुभंगला.

याला कोणी फितुरी म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. मोठा पक्ष लहान पक्षाची मागणीही घेतो आणि माणसेही घेतो. त्यातच त्याचे मोठेपण टिकते. शिवाय ज्याचा ऊस, कर्ज आणि पाण्याची पाळी सत्तेतल्या माणसांच्या हाती असते, त्याला "मत फुकट घालवू नको" हा सल्ला मूर्खपणाचा वाटत नाही.

पुढारी गेला म्हणजे मतदार गेला, असे मात्र होत नाही. १९९८ साली काँग्रेसशी समझोता होऊन रिपब्लिकन पक्षाचे चौघे जण खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. उलट २००९ साली जुन्या कोपरगावच्या जागी आलेल्या शिर्डी मतदारसंघात रामदास आठवले दोन्ही काँग्रेसच्या पाठिंब्यानिशी उभे असूनही शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांनी त्यांना पाडले. २०२४ साली त्याच शिर्डीत वंचित बहुजन आघाडीच्या उत्कर्षा रूपवते यांना सुमारे ९० हजार मते पडली, तर वाकचौरे आणि सदाशिव लोखंडे यांच्यात अंतर होते सुमारे ५० हजारांचे. "मते फोडली" म्हणणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. ही मते नक्की कोणाची फोडली? बाई उभ्या नसत्या तर त्यांतली किती इकडे, किती तिकडे गेली असती आणि किती माणसे घरीच बसली असती, हे कोणत्या हिशेबाने ठरवायचे?

विडी वळणाऱ्या बाया आणि नागापूरच्या वसाहतीतले कंत्राटी कामगार मला दर निवडणुकीला विचारतात, "भाऊ, आपला माणूस पडणारच असेल, तर मत कोणाला द्यायचे?" नाव सांगण्याचा अधिकार मला नाही. पण कारखान्यात लहान युनियन मोठ्या युनियनबरोबर संपात उतरते, तेव्हा ती आधी मागणीपत्रात आपले कलम घालून घेते. संप संपल्यावर घालायचे म्हटले तर कोणी ऐकत नाही. हाच नियम मताला लावावा. मोठ्या पक्षाला पाठिंबा द्यायचा असेल तर मागणी कोणती, ती किती मुदतीत पुरी होणार आणि आपल्या उमेदवाराला त्यांच्या वस्तीतली मते कोठे मिळणार, या तीन गोष्टी भर सभेत वदवून घ्याव्यात. त्यांचे उत्तर मिळत नसेल, तर आपल्याच माणसाला मत देऊन आपली संख्या मोजून दाखवावी. ते मत फुकट जात नाही. पुढच्या वेळी बोलणी करायला बसताना तीच संख्या आपल्या हाती असते.