तळटीप १२ : काचतंतू-संवेदकांचे वाचकयंत्र

१२. हे यंत्र तंतूत कोरलेल्या ब्रॅग जाळीवरून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मोजते. अशी जाळी प्रकाशानेच कोरता येते, हे केन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना कॅनडात १९७८ साली आढळले. १५५० नॅनोमीटरच्या आसपास तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तरंगलांबी जेमतेम १० पिकोमीटर सरकते. ती टिपणारा वर्णपटमापक आता सिलिकॉनच्या चिपवर मावतो. अवघड आहे ती उष्णता, आणि लेखकाने ती एका वाक्यात उरकली हे मला खटकते. या चिपवर तरंगलांबी निवडणाऱ्या सिलिकॉनच्या कंकणाकृती गाळणीची स्वतःची तरंगलांबी अंशाला सुमारे ७० ते ८० पिकोमीटर सरकते. म्हणजे मोजपट्टीच कापडाहून जास्त ताणली जाते. म्हणून चिपचे तापमान स्थिर राखावे लागते. त्याला लागणारी वीज बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्राला जड जाते. — संपा.