पोलीस शिपायाचें चिलखत

सन १६५९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १० तारखेस प्रतापगडाच्या पायथ्याशीं शिवाजीमहाराज अफझलखानाच्या भेटीस निघाले, तेव्हां त्यांनीं अंगरख्याखालीं चिलखत व मंदिलाखालीं शिरस्त्राण घातलें होतें, ही गोष्ट महाराष्ट्रांतील लहान मुलांनाहि ठाऊक आहे. मिठी मारतां मारतां खानानें केलेला वार त्या लोखंडी कड्यांवर व्यर्थ गेला. शौर्याला सावधगिरीची जोड दिल्यानें शौर्य उणें होत नाहीं, हाच त्या प्रसंगाचा बोध होय.

पुढें बंदुकीचा प्रसार झाला आणि चिलखताचे दिवस सरले. गोळी अडविण्याइतका जाड पत्रा अंगावर वागवून माणसास चालतां येईना. सैनिकानें मग खंदकाचा आश्रय घेतला. परंतु शहरांतील पोलीस शिपायास खंदक कोठला? तो चव्हाट्यावर उभा असतो, आणि पहिला वार करण्याची संधि बहुधा हल्लेखोरालाच मिळते.

या अडचणींतून वाट काढली ती लोखंडानें नव्हे, तर धाग्यानें. शिकागो येथील कासिमिर झेग्लेन नांवाच्या पोलिश धर्मोपदेशकानें रेशमाचे घट्ट थर विणून गोळी थोपविणारें वस्त्र तयार केलें व १८९७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तथापि तें वस्त्र फार महाग होतें, आणि वेगवान गोळीपुढें त्याचा निभाव लागत नसे. १९६५ सालीं ड्यू पाँट कंपनींतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक या बाईंच्या संशोधनांतून एक धागा निघाला. त्याचें पुढें केव्हलार असें नांव पडलें. वजनाच्या मानानें तो पोलादाच्या पांचपट बळकट. मोटारीच्या टायरांसाठीं शोधलेला हा धागा शिपायाच्या छातीवर आला. १९७५ च्या डिसेंबरांत सिअ‍ॅटल शहरीं एका दुकानांत दरोडेखोरानें अगदीं जवळून गोळ्या झाडल्या असतां, केव्हलारचें कवच घातलेला पोलीस वांचला. त्यानंतर अशा कवचांनीं हजारों पोलिसांचे प्राण राखले.

या कवचाची क्रिया मासे धरणाऱ्या जाळ्यासारखी आहे. एकावर एक बसविलेले अनेक थर गोळीला धरतात, तिचें टोंक चपटें होतें आणि आघात विस्तृत भागावर पसरतो. शिपायास मुका मार लागतो, पण गोळी आंत शिरत नाहीं. मात्र हें सामर्थ्य पिस्तुलाच्या गोळीपुरतें आहे. रायफलच्या गोळीसाठीं पोलादाच्या किंवा चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या फळ्या घालाव्या लागतात. मग वजन वाढतें आणि चपळाई जाते.

शिवाय कवच धर्म-अधर्म ओळखीत नाहीं. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागांत बँक लुटणाऱ्या दोघां दरोडेखोरांनीं स्वतःच कवचें चढविलीं होतीं. पोलिसांच्या पिस्तुलांच्या गोळ्या त्यांवर निष्फळ ठरल्या. दरोडेखोर अखेर मेले, पण दहांहून अधिक पोलीस जखमी झाले. कवच नुसतें असून भागत नाहीं, हाहि धडा अमेरिकेसच मिळाला. झायलॉन नांवाचा नवा धागा उष्णतेनें व दमट हवेनें दुबळा होतो असें आढळून आलें, आणि २००५ सालीं तेथील सरकारनें त्या कवचांची मान्यता काढून घेतली.

२००८ च्या २६ नोव्हेंबरच्या रात्रीं हा प्रश्न मुंबईच्या दाराशीं येऊन ठेपला. हेमंत करकरे शिरस्त्राण व कवच चढवीत असल्याचें दृश्य साऱ्या देशानें पाहिलें. कांहीं वेळानें कामा रुग्णालयाजवळ ते, अशोक कामटे व विजय साळसकर गोळ्यांना बळी पडले. करकरे यांच्या कवचाविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. त्याच रात्रीं गिरगांव चौपाटीवर साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातीं केवळ लाठी होती. त्यांनीं कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनीं धरली, गोळ्या स्वतःच्या देहांत घेतल्या, आणि त्यामुळें सहकाऱ्यांना तो जिवंत सांपडला. २००९ सालीं ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण करण्यांत आलें.

ओंबळे यांच्या धैर्यास तोड नाहीं. परंतु त्या रात्रीं सहकाऱ्यांचें चिलखत त्यांचा देह झाला, ही गोष्ट समाजानें केवळ अभिमानानें सांगून विसरावयाची नाहीं. शूर माणसाचा गौरव मरणानंतर करतां येतो. त्याचें कवच मात्र आधींच पारखून, मापानें बेतून त्याच्या हातीं द्यावें लागतें. महाराजांनीं चिलखत चढविलें तें भेटीला निघण्यापूर्वीं, मागाहून नव्हे.